दट्ट्यांच्या पेट्या, गुलाबी मनोरा आणि तान्ह्या पोळ्याचा बैल

या महिन्याच्या टपालात लहान मुलांच्या शिकण्याच्या, माँटेसरी पद्धतीच्या लाकडी साधनांबद्दलचीच पत्रं जास्त आहेत. पोळा तोंडावर आला आहे, नागपूरच्या महाल-इतवारीत तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे मुलांच्या पोळ्याच्या, लाकडी बैलांच्या रांगा लागल्या आहेत, त्यामुळे घरोघरी लाकडाची आठवण झाली असावी. पत्रं थोडक्यात देते आहे, म्हणजे उत्तरांना जागा उरेल.

प्रश्न : ताई, मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. त्याच्यासाठी गुलाबी मनोऱ्याचा संच ऑनलाइन मागवला. पहिल्या दिवशी एकदा रचला, तेव्हापासून ठोकळ्यांची आगगाडीच करतो. सगळ्यात लहान ठोकळा तर सोफ्याखाली गेलाय. पैसे वाया गेले का? की रोज बसवून मनोराच करून घेऊ?
— एक आई, मानेवाडा

उत्तर : पैसे वाया गेलेले नाहीत. आणि बसवून करून घेऊ तर मुळीच नका, नाहीतर मात्र ते खरोखर वाया जातील.

आधी एक तपासा. सगळे ठोकळे एकाच रंगाचे आहेत ना? हल्ली मनोरा म्हणून जे विकतात त्यात प्रत्येक ठोकळ्याचा रंग वेगळा, एका बाजूला अंक, दुसरीकडे हत्ती-घोडे. खेळणं म्हणून ठीक आहे, पण मनोऱ्याचं काम त्यातून होत नाही. मनोऱ्यात दहा घन असतात. सर्वांत लहान १ सेंमीचा, सर्वांत मोठा १० सेंमीचा, आणि प्रत्येक ठोकळा आधीच्यापेक्षा १ सेंमीने मोठा. लाकूड एक, रंग एक, आकार एक, गुळगुळीतपणाही एकच. बदलतं ते फक्त लहान-मोठेपण. मुलाच्या डोळ्यांना आणि हातांना पकडायला मुद्दाम एकच गोष्ट ठेवलेली आहे. रंग वेगवेगळे असले की मूल 'लालावर निळा, निळ्यावर पिवळा' असं पाठ करून मोकळं होतं, आणि आपण टाळ्या वाजवतो. त्याने मोठेपणाकडे पाहिलेलंच नसतं.

आता दाखवायचं कसं ते सांगते. जमिनीवर लहानशी चटई अंथरा. ठोकळे फळीवर ठेवा आणि एका वेळी एकच उचलून चटईवर आणा. दहा ठोकळे, दहा खेपा. यात वेळ जातो, तो जाऊ द्या. सर्वांत मोठा ठोकळा आणायला मुलाला दोन्ही हात लागतात, लहान दोन बोटांत मावतो. १ सेंमीचे हजार ठोकळे रचले तर त्यातून १० सेंमीचा एक होतो. हजार म्हणजे काय हे त्याला आज कळायची गरज नाही, पण तो फरक त्याचे दंड आजच मोजतात. म्हणून सगळे ठोकळे टोपलीत भरून एकदम आणू नका.

मग न बोलता, सावकाश, मोठ्यापासून सुरुवात करून तुम्ही एकदा रचा. वर्णन नको, 'आता कोणता बरं?' असंही नको. रचून झालं की एकेक उतरवा आणि मागे सरकून बसा. त्याचा चुकला तर गप्प राहा. चुकलेला मनोरा मुलाला दिसतोच: मधेच एक ठोकळा बाहेर डोकावतो, किंवा शेवटी एक जास्तीचा हातात उरतो. पालकांना सर्वांत जड जातं ते हेच, तोंड मिटून बसणं.

आगगाडीचं म्हणाल तर एकदा नीट बघा, डबे कोणत्या क्रमाने लावतो. मोठ्यापासून लहानापर्यंत लावत असेल तर त्याने मनोराच आडवा केला आहे, खुशाल करू द्या. नुसती फरशीवर ढकलाढकली असेल तर सुताराकडून चार-दोन वाया गेलेले तुकडे आणा, काचपेपर मारून गुळगुळीत करा आणि आगगाडीसाठी ते द्या. मनोरा त्याच्या जागी राहू दे. दोन्हींत फरक आहे हे मुलांना फार लवकर समजतं.

लहान ठोकळा मात्र आजच सोफ्याखालून काढा. एक तर घरात तीन वर्षांखालचं दुसरं मूल असेल किंवा येत-जात असेल तर ते तोंडात घालेल. साधारण ३२ मिलीमीटर रुंदीच्या नळकांड्यात जी वस्तू पूर्ण मावते ती त्या वयाला घशात अडकण्याच्या दृष्टीने धोक्याची धरतात, आणि हा ठोकळा तर १० मिलीमीटरचा आहे. दुसरं कारण पुढच्या खेळाचं. सगळे ठोकळे एकाच कोपऱ्याला जुळवून रचले की उरलेल्या दोन बाजूंना बरोबर १ सेंमी रुंदीच्या पायऱ्या तयार होतात, आणि तो लहान ठोकळा प्रत्येक पायरीवर चपखल बसतो. हे आम्ही कोणाला शिकवत नाही. आमच्या बालवाडीत एका मुलीने ते आपलं आपण शोधलं. ठोकळा एका पायरीवर ठेवला, बोट फिरवून कड लागते का पाहिलं, उचलून वरच्या पायरीवर ठेवला, पुन्हा बोट फिरवलं. अशी ती शेवटच्या पायरीपर्यंत गेली, मग दुसरी बाजू. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी तिचं डोकं वर झालं नाही. तिला हाक मारायची नाही असं मी मदतनीसबाईंना खुणेनेच सांगितलं.

प्रश्न : बाई, मी कारखान्यात टर्नर होतो, आता रिटायर आहे. घरी लहानसं लेथ मशीन आहे. नातीच्या शाळेत दट्ट्यांच्या पेट्या पाहिल्या. घ्यायला गेलो तं किंमत ऐकून परत आलो. मापं मिळाली तं मी स्वतः करीन. लाकूड कोणतं घेऊ तेही सांगा.
— एक आजोबा, त्रिमूर्तीनगर

उत्तर : काका, तुमच्या पत्राने फार बरं वाटलं. हे काम टर्नरचंच आहे. किंमत जास्त असते ती लाकडाची नाही, नेमकेपणाची, आणि तो तर तुमच्या हातात आहे.

एकूण चार पेट्या, म्हणजे भोकं पाडलेले लांब लाकडी ठोकळे. प्रत्येकीत दहा दट्टे, प्रत्येक दट्ट्याला वर मूठ, आणि प्रत्येकासाठी त्याच्याच मापाचं भोक. मापं अशी घ्या.

पहिली पेटी : सगळ्या दट्ट्यांची उंची ५५ मिमी, व्यास ५५ मिमीपासून १० मिमीपर्यंत, दर वेळी ५ मिमीने कमी. म्हणजे फक्त जाड-बारीक.
दुसरी : उंची आणि व्यास दोन्ही बरोबर कमी होतात, ५५ बाय ५५ पासून १० बाय १० पर्यंत. म्हणजे मोठा-लहान.
तिसरी : व्यास ५५ वरून १० वर येतो तशी उंची १० वरून ५५ वर जाते. ठेंगणा-जाड एका टोकाला, उंच-बारीक दुसऱ्या टोकाला.
चौथी : व्यास सगळ्यांचा २५ मिमी, उंची ५५ पासून १० पर्यंत. फक्त उंच-बुटका.

पहिल्या पेटीच्या दहा व्यासांची बेरीज ३२५ मिमी होते. मधे आणि कडेला साधारण दोन-दोन सेंमी लाकूड सोडलं की ठोकळा ५५ सेंमीच्या आसपास लांब लागतो. भोकाचा तळ सपाट हवा, त्यासाठी सपाट तळाचा बिट वापरा. टोकदार बिटने पाडलेल्या भोकात दट्टा डुगडुगतो. चौथ्या पेटीत भोकांची खोली अगदी काटेकोर ठेवा, कारण तिथे व्यास काहीच सांगत नाही. उंच भोकात बुटका दट्टा गेला की बुडतो, बुटक्या भोकात उंच गेला की वर राहतो, आणि मुलाला तेवढ्यावरूनच चूक कळायची असते. पहिल्या पेटीत जाड दट्टा बारीक भोकात जातच नाही. म्हणून सुरुवात पहिलीने करायची, चौथी सर्वांत कठीण.

मूठ आणि दट्टा एकाच तुकड्यातून कातता आले तर उत्तम. वेगळी मूठ बसवली तर नुसत्या गोंदावर राहू नका, आतून स्क्रू घाला. तीन-चार वर्षांचं मूल ती दिवसभर ओढतं. मूठ अशी हवी की अंगठा आणि दोन बोटांनी धरली जाईल, मुठीत आवळता येणार नाही. पुढे पेन्सिल याच तीन बोटांनी धरायची असते. त्यामुळे मूठ पकडीच्या मापाची झाली की अर्धं काम झालं.

आता लाकूड. लकडगंजात चक्कर मारलीत तर साग, शिसव, बाभूळ सगळं दिसेल. युरोपात ही साधनं बहुधा तिकडच्या बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची करतात, आपल्याला त्याची गरज नाही. साग फुगण्या-आकसण्यात कमी त्रास देतो, पण तेलकट असतो, त्यामुळे गोंद लावायच्या आधी पृष्ठभाग नुकताच घासलेला हवा. सागाची धूळही नाका-त्वचेला खाजते, मास्क लावूनच काता. शिवण मिळाली तर फार छान, हलकी आणि कातायला सोपी. हळदूही कातीव कामाला चांगला. महालातल्या पाडलेल्या वाड्यांच्या जुन्या चौकटी विकायला येतात. इतकी वर्षं वाळलेलं लाकूड दुसरीकडे मिळायचं नाही. फक्त त्यावर जुना ऑइलपेंट असेल तर तो तुकडा सोडून द्या. कारण पुढे बैलाच्या उत्तरात सांगितलं आहे.

पावसाळ्याचं एक लक्षात ठेवा, कारण आपल्या नागपुरात मे महिन्यात लाकूड वाळून कोळ होतं आणि ऑगस्टमध्ये ओल पितं. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, आडवं मात्र वाढतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने जेवढं फुगतं ते मध्यापासून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतं. त्यामुळे उन्हाळ्यात गोल कातलेला दट्टा पावसाळ्यात किंचित लांबट होतो. दट्ट्यात रेषा उभ्या, ठोकळ्यात आडव्या, म्हणून दट्टा फुगतो तेव्हा भोक त्या दिशेला फुगतच नाही. उन्हाळ्यात अगदी टाइट बसवलेले दट्टे जुलैत अडकतात आणि मूल हातोडी शोधायला लागतं. मोठ्या व्यासांना जवळजवळ १ मिमी मोकळीक द्या, लहानांना अर्धा. शेजारच्या दट्ट्यात ५ मिमीचा फरक असल्याने एवढ्या मोकळिकीने चूक लपत नाही. आणि शेवटचा हात दमट दिवसांत फिरवा.

उरलेल्या तुकड्यांतून वजनाच्या पट्ट्या जरूर करा. ही साधनं घडवणाऱ्या इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींच्या मूळ संचात ६ बाय ८ सेंमी आणि अर्धा सेंमी जाडीच्या पट्ट्या तीन लाकडांच्या होत्या, वजनं २४, १८ आणि १२ ग्रॅम. आपल्याकडे सावर, साग आणि बाभूळ घेतलं की तीन वजनं सहज वेगळी जाणवतात. एका लाकडाच्या सगळ्या पट्ट्या काट्यावर तोलून रंध्याने सारख्या करा. मुलाने डोळे मिटून दोन्ही तळहातांवर एकेक पट्टी ठेवायची आणि जड एकीकडे, हलकी दुसरीकडे लावायची. डोळे उघडले की रंगावरून त्याचं त्याला कळतं बरोबर आलं की नाही. म्हणून या पट्ट्यांवर रंग किंवा जाड पॉलिश चढवू नका.

प्रश्न : माझी मुलगी टॅबवर सगळे आकार, रंग, लहान-मोठं बरोबर ओळखते. मग लाकडावर खर्च कशाला करायचा?
— एक बाबा, प्रतापनगर

उत्तर : ती नावं ओळखते, आणि ते चांगलंच आहे. तिला डोळे मिटायला सांगा आणि तिच्या एका हातात ७ सेंमीचा, दुसऱ्या हातात ८ सेंमीचा ठोकळा द्या. मोठा कोणता? काचेवर बोट फिरवून हे कळत नाही. काचेवर चौकोनाचा कोपरा टोचत नाही, गोल घरंगळत नाही, जड वस्तूने हात खाली जात नाही. खर्च करायचाच नसेल तर करू नका, स्वयंपाकघरातलं लाटणं, पोळपाट, रवी, मुसळी तिच्या हाती द्या. टॅब मात्र तेवढा वेळ बाजूला ठेवा.

प्रश्न : मॅडम, मी अंगणवाडी सेविका आहे. पटावर तीसच्या वर मुलं. शहरातल्या शाळांसारखी लाकडी साधनं आम्हाला कुठून येणार? आमच्या मुलांनी काय करायचं?
— एक सेविका, हिंगणा तालुका

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न नवा नाही, आणि त्याचं उत्तर आपल्याच माणसांनी दिलेलं आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत मारिया माँटेसरींनी पहिलं बालगृह उघडलं ते गरीब कामगारांच्या मुलांसाठी. साधनं महाग झाली ती पुढे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी हे शिक्षण आपल्या मातीत आणलं. लग्नानंतर काही काळ अमरावतीला राहिलेल्या ताराबाई आपल्या विदर्भालाही परक्या नाहीत. १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांना शिकवलं ते शिंपले, गोटे, बिया, पानं, काड्या यांच्या आधाराने. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, हा विचारही तिथलाच.

तेव्हा साधन काय आहे याच्यापेक्षा ते कसं रचलं आहे ते महत्त्वाचं. नियम तोच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

गावातल्या सुताराकडे सारख्या मापाच्या पट्ट्यांचे तुकडे मागा, तो नाही म्हणणार नाही. दोन-दोन पट्ट्यांवर सारखा काचपेपर चिकटवा, ८० नंबरचा, १२० चा, १८० चा, २२० चा. दोन पट्ट्या नुसत्या गुळगुळीत ठेवा. झाल्या पाच जोड्या. मुलांनी डोळ्यांवर रुमाल बांधून जोड्या लावायच्या. आधी कोमट पाण्यात बोटं बुडवून पुसायला सांगा, बोटांना जास्त कळतं. चोळायचं नाही, बोट अलगद फिरवायचं, हे पहिल्या दिवशी करून दाखवा.

हलवून सारख्या आवाजाच्या जोड्या लावायच्या डब्यांसाठी एकसारख्या झाकणाच्या डब्या गोळा करा, बाहेरून रंग एकच. दोन डब्यांत तांदूळ, दोन डब्यांत तुरी, दोन डब्यांत रेती, दोन डब्यांत गोटे. झाकणं फेव्हिकॉलने पक्की चिकटवा. हे सोडू नका, कारण तूर नाकात आणि कानात घालायची वस्तू आहे असं प्रत्येक मुलाला एकदा तरी वाटतंच. वासासाठी संत्र्याची वाळलेली साल, ओवा, लवंग, कापूर. कापूर पोटात गेला तर विषारी आहे, त्यामुळे ती डबी फक्त तुमच्या हातात राहील आणि काम झालं की कुलपात जाईल.

तीस मुलांना एकदम एकच साधन द्यायचा प्रयत्न करू नका. सहा चटया, सहा साधनं, सहा मुलं. बाकीची गाण्यावर, मातीवर, अंगणात. एक उठलं की दुसरं बसेल. थांबणं हेही मुलं इथेच शिकतात, पण थांबायचं म्हणजे रांगेत हाताची घडी घालून नव्हे, दुसरं काहीतरी करत. सरकारकडून पेटी आली असेल तर ती उघडा. बऱ्याच अंगणवाड्यांत चांगली साधनं हरवतील म्हणून कपाटात बंद असतात. हरवलेला ठोकळा पुन्हा करता येतो. मुलाचं चौथं वर्ष पुन्हा येत नाही.

प्रश्न : साडेतीन वर्षांच्या मुलीला शाळेत पानभर 'क' गिरवायला देतात. रोज रडते. घरी लाकडी अक्षरं आणली तर उपयोग होईल का?
— एक आई, मानकापूर

उत्तर : होईल, पण ती कापून काढलेली लाकडी अक्षरं नव्हे. लाकडी पाटीवर काचपेपरची अक्षरं चिकटवलेली हवीत. मूल तर्जनी आणि मधलं बोट अक्षरावरून फिरवतं, बोट वळण चुकलं की खरखरीतून गुळगुळीत लाकडावर घसरतं आणि त्याला लगेच कळतं. स्वरांच्या पाट्या एका रंगात, व्यंजनांच्या दुसऱ्या. अ आ इ ई या ओळीने जायचं कारण नाही, वळणाने सोपी आणि घरच्या शब्दांत सापडणारी अक्षरं आधी घ्या. जुन्या बाई 'गमभन'पासून सुरू करायच्या ते त्यासाठीच. 'क' तर दोन्हीकडे वळतो, तो नंतर. अक्षराचं नाव नका सांगू, आवाज सांगा, आणि एका वेळी दोन-तीनच पाट्या. वळण नेहमी लिहिण्याच्या दिशेनेच, डोक्यावरची रेघ शेवटी.

आणि शाळेत जाऊन शांतपणे बोला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे आणि त्यात खेळातून, हाताने करून शिकण्यावर भर आहे. साडेतीन वर्षांच्या बोटांना पानभर गिरवणं झेपत नाही, हे तिचा हात हातात घेऊन बाईंना दाखवा. शाळा ऐकत नसेल तर घरी गिरवून घेणं तुम्ही तरी थांबवा. मी अशा घरांत पाहिलं आहे, मूल शाळेतलं पान विसरतं, पण आईने रात्री गिरवून घेतलेलं पान विसरत नाही.

प्रश्न : नातवाचा हा पहिला तान्हा पोळा. माळ्यावर माझ्या मुलाचा जुना लाकडी बैल आहे, रंग थोडा उडालाय. तोच घासून, नवा रंग देऊन द्यावा म्हणते. नातू वर्षाचा आहे, दिसेल ते तोंडात घालतो.
— एक आजी, महाल

उत्तर : आजी, तो बैल सजवून पाटावर ठेवा, त्याची पूजा करा, पण नातवाच्या तोंडापर्यंत जाऊ देऊ नका. आणि घासू तर अजिबात नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याच्या आधीचा रंग घासलात की त्याची बारीक धूळ घरभर होते, आणि रांगणारं मूल तीच हाताने तोंडात घालतं. शिशाचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो आणि वरून काही दिसत नाही. तो बैल याआधीच त्याच्या हाती बरेच दिवस असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा, रक्ताच्या तपासणीत शिसं कळतं.

नातवासाठी बिनरंगी नवा बैल आणा. पोळ्याच्या आधी सांगितलं तर कारागीर बिनरंगी देतात. घेताना चाकं ओढून बघा, खिळ्याचं डोकं वर आलेलं नाही ना ते बोटाने चाचपा, शिंगांची टोकं बोथट आहेत का बघा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, पण हस्तकलेच्या विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. त्यामुळे बैलावर चिन्ह नाही म्हणून तो वाईट असं नाही. तिथे तुमची नजर आणि बोटं हीच तपासणी.

बैल मिळाला की नुसता मिरवायला ठेवू नका. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ मध्ये मुलांसाठी लाकडी बैलांचा पोळा सुरू केला असं नागपुरात सांगतात. म्हणजे आपल्या शहराने मुलाच्या हातात ओढायला लाकूड देऊन दोनशे वर्षं होऊन गेली. दोरी धरून ओढणं, चाक दगडाला अडलं की मागे वळून बघणं, उचलून पुढे ठेवणं, उतारावर सोडून देणं, वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला याहून चांगलं साधन मी कुठल्या दुकानात पाहिलेलं नाही. दोरी मात्र आखूड ठेवा, गळ्याभोवती गुंडाळता येईल एवढी नको, आणि खेळताना तुम्ही जवळ बसा. बोजारा, म्हणजे बैल घेऊन दारी आलेल्या मुलांना मिळणारे पैसे-खाऊ, गोळा करायला जाताना मिरवायचा सजवलेला बैल वेगळा राहू दे.

प्रश्न : लाकडी साधनांना काय लावायचं? पॉलिशवाला टचवुड म्हणतो, सासूबाई खोबरेल म्हणतात.
— एक आई, नंदनवन

उत्तर : खोबरेल वाळत नाही, काही महिन्यांत खवट वास येतो आणि धूळ चिकटते. टचवुडसारख्या चकचकीत पॉलिशने लाकडाचा स्पर्शच झाकला जातो, त्यामुळे स्पर्शाच्या आणि वजनाच्या साधनांना ते नकोच. आपल्याकडे जवस भरपूर पिकतं, घाणीवरचं कच्चं जवसाचं तेल आणा. हार्डवेअरच्या दुकानात 'बॉइल्ड' म्हणून मिळतं ते घेऊ नका, लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची रसायनं घातलेली असतात. कच्चं तेल कापडाने अगदी पातळ लावा, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून घ्या आणि वाऱ्यावर ठेवा. वाळायला बरेच दिवस लागतात, घाई करू नका. वर हवं तर मधमाशांचं मेण चोळा. रोजच्या पुसण्याला ओलसर फडकं आणि लगेच कोरडं फडकं पुरे, साधनं पाण्यात बुडवू नका, गच्चीवर उन्हातही वाळवू नका, तडे जातात.

तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, आणि बोळ्यात ती उष्णता कोंडली की चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच. चिंधी पाण्यात बुडवून, पसरून, घराबाहेर दोरीवर वाळत घाला आणि कडक झाली की मगच टाकून द्या. साधन मुलाच्या हाती देण्याआधी त्यावरून कोरडं बोट फिरवा. बोटाला तेल लागत असेल तर आणखी काही दिवस थांबा.